हा कागद घरी दाखवू नका

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाई विचारायच्या, "तुम्ही काय करता?" मी म्हणायची, "लॅबमध्ये आहे." की लगेच त्यांचं थायरॉइड, त्यांच्या मिस्टरांची शुगर आणि भाच्याचा डेंग्यू माझ्या ताटाशेजारी येऊन बसायचा. सुरुवातीला मी समजावून सांगायची, की बाई, मी शुगर बघत नाही, मी गुणसूत्रं बघते. त्यावर एकजण म्हणाल्या, "म्हणजे पत्रिकाच की!" त्यानंतर मी समजावणं सोडलं आणि जिलबीकडे लक्ष दिलं.

आता निवृत्त झाले आहे, तर एकदा नीट सांगते. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं असतात, तेवीस आईकडची, तेवीस बापाकडची. एरवी ती दिसत नाहीत. पेशी दुभंगायला निघाली की तेवढ्यापुरती आखडून जाड होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली सापडतात. म्हणून रक्त घ्यायचं, बाटलीत त्याला खाऊपिऊ घालून तीन दिवस उबेत ठेवायचं, पेशी दुभंगू लागल्या की औषध घालून तिथल्या तिथं थांबवायच्या, फुगवायच्या, आणि मग एकेक थेंब वरून काचपट्टीवर सोडायचा. पेशी फुटते आणि आतली गुणसूत्रं पसरतात. मग ती रंगवून, मोजून, जोड्या लावून बघायची. एवढंच काम मी तीस वर्षं केलं.

"एवढंच" म्हणाले खरी, पण तो थेंब सोडायला हात लागतो. शिवाय आमच्या संभाजीनगरची उन्हाळी हवा या कामाची हाडवैरीण आहे. एप्रिल-मे महिन्यात थेंब पट्टीवर पडतो न पडतो तोच वाळतो आणि गुणसूत्रं गोळा होऊन बसतात. पुस्तकात यावर उपाय नव्हता. मी लॅबमध्ये आडवी दोरी बांधली, तिच्यावर ओले पंचे टाकले आणि समोर कूलर लावला. पुण्याहून पाहुणे म्हणून आलेले एक डॉक्टर म्हणाले, "लॅब आहे की धोबीघाट?" मी त्यांना माझी पट्टी लावून दिली. बराच वेळ बघत बसले आणि जाताना पंचे सुती आहेत का, असं विचारून गेले.

कॉम्प्युटर येण्याआधी तर फोटो काढून एकेक गुणसूत्र नखं कापायच्या कात्रीनं कापावं लागे आणि जोडीनं पुठ्ठ्यावर चिकटवावं लागे. एकदा मला शिंक आली आणि एकवीस नंबरातलं एक उडालं. एकवीस नंबर दोनाऐवजी एकच दिसलं असतं तर काय गोंधळ झाला असता, म्हणून मी अख्खी दुपार फरशीवर रांगत होते. शेवटी ते माझ्याच पदराला चिकटलेलं निघालं.

माझ्याकडे येणारे बहुतेक जण मूल होत नाही म्हणून, किंवा राहून राहून पडतं म्हणून आलेले असायचे. आणि बहुतेक वेळा बाई एकटी पाठवलेली असायची. छावणीतला एक टेलर मला आठवतो. बायकोचं रक्त घेऊन झालं आणि मी त्याला बाही वर करायला सांगितलं, तर म्हणाला, "मैडम, मेरा खून कायकू? तकलीफ तो इनकू है." मी म्हटलं, "भाईजान, कपडा दोन तुकड्यांचा आहे, एकच मोजून शिवाल का?" हे त्याला पटलं. सुई बघितल्यावर मात्र तो बाकावर आडवा झाला आणि बायकोनं ओढणीनं वारा घातला. दोघांचे रिपोर्ट चांगले आले. दोन ईदींनंतर शिरखुर्म्याचा डबा आला तेव्हा मला कळायचं ते कळलं.

दुसरी तऱ्हा म्हणजे पेढे आधी आणणाऱ्या सासवा. पोटातल्या बाळाची तपासणी असली की मला मुलगा की मुलगी हे दिसतंच, आणि ते सांगायला कायद्यानं बंदी आहे. तोंड उघडलं नाही तरी लोक चेहऱ्यावरून वाचायला बघतात. एक आजी म्हणाल्या, "नुसतं हासा, नायतर हासू नका, म्या समजून घेते." तेव्हापासून रिपोर्ट देताना मी मख्ख चेहरा ठेवायला शिकले. आमचे हे म्हणतात, की तो चेहरा मी घरीही आणते.

हे सगळं मी मजेत सांगू शकते. पण एक गोष्ट अशी आहे, की जिच्यात मी चुकले, आणि ती चूक मशीनची नव्हती, हवेची नव्हती, माझी होती.

सोळा-सतरा वर्षांपूर्वी दौलताबादहून रुक्मिणीबाई नावाची बाई आली. वय पस्तिशी ओलांडलेलं. किल्ल्याच्या पायथ्याला पेरू-सीताफळांचं दुकान लावायची. चार वेळा दिवस राहिले होते आणि चारही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आत गेलं होतं. तिची पट्टी मी बघितली. चार नंबरच्या एका गुणसूत्राचं टोक तुटून अकरा नंबरला लागलं होतं आणि अकराचा तुकडा चारला. नुसती अदलाबदल. काही हरवलेलं नाही, काही जास्त नाही, म्हणून बाई स्वतः ठणठणीत.

अशा वेळी मी साड्यांचं उदाहरण देते. दोन साड्यांचे ब्लाउजपीस एकमेकींत बदलून गेले. दोन्ही साड्या तुमच्याच कपाटात आहेत तोवर काही बिघडत नाही, सगळं घरातच आहे. पण त्यातली एकच साडी लेकीला दिली तर? तिला चुकीचा तुकडा जाणार. बीज तयार होताना आई आपलं निम्मंच देते. कधी दोन्ही बदललेली किंवा दोन्ही न बदललेली अशी नीट जोडी जाते आणि मूल चांगलं होतं. कधी एक तुकडा जास्त, एक कमी जातो. मग तो गर्भ रुजत नाही, किंवा रुजून गळतो. त्यात बाईच्या उठण्या-बसण्याचा, खाण्यापिण्याचा काडीचा संबंध नसतो.

रुक्मिणीबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मंग ह्यो कागद घरी दावू का, मॅडम?"

त्याच्या काही महिने आधी आमच्या लॅबच्या पायरीवरूनच एका बाईला तिच्या सासरच्यांनी परस्पर माहेरी पाठवलं होतं, माझाच रिपोर्ट हातात धरून. ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी क्षणभरही विचार केला नाही. म्हटलं, "हा कागद घरी दाखवू नका. डॉक्टरांनी मागितला तरच दाखवा."

त्यांनी घडी घालून तो कमरेच्या पिशवीत ठेवला आणि मला चार पेरू देऊन गेल्या. मी शहाणपणाचं काम केलं म्हणून त्या दिवशी खूश होते. रिपोर्टच्या तळाशी एक ओळ असायची, इंग्रजीत, मीच टाइप केलेली: सख्ख्या नातेवाइकांची तपासणी करून घ्यावी. ती ओळ मी त्यांना वाचून दाखवली नाही. घरीच दाखवायचा नाही म्हटल्यावर नातेवाइकांचं कुठून सांगणार होते मी?

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना पल्लवी आली. वाळूजच्या एका कंपनीत ऑफिसात कामाला, माहेर फर्दापूरचं. नवरा बरोबर होता, आईही आली होती. तीन वेळा बाहेर तयार केलेला गर्भ तिच्या गर्भाशयात सोडला होता. तिन्ही वेळा गर्भ दिसायला उत्तम, गर्भाशयाचं अस्तर उत्तम, नवऱ्याचे रिपोर्ट उत्तम, आणि तिन्ही वेळा रुजला नाही. तेव्हा कुठं डॉक्टरांनी दोघांना माझ्याकडे धाडलं होतं.

रक्त देताना ती मान फिरवून म्हणाली, "मॅडम, एक विचारू? शेवटच्या वेळी मी पाचव्या दिवशी स्कूटीवर ऑफिसला गेले होते. त्यानं झालं का?"

"नाही."

"घरचे म्हणतात त्यानंच झालं. मलाही तसंच वाटतं. अजून एकदा करणार आहे मी, त्याच्यापुढं माझ्यात ताकद नाही. म्हणून म्हटलं, या वेळी चूक नको व्हायला."

आठवड्यानं तिची पट्टी लावली आणि मी जागेवरच थबकले. चार नंबर, अकरा नंबर. अदलाबदल वेगवेगळ्या लोकांत वेगवेगळ्या ठिकाणी होते, पण जिथं तुटलं ती जागा घराण्यात तशीच उतरते. असं तुटलेलं मी आधी बघितलं होतं. मला चेहरे लक्षात राहत नाहीत, गुणसूत्रं राहतात. अशी काही वेगळी केस आली की मी वहीत हातानं चित्र काढून ठेवायची. त्या जुन्या वह्या काढल्या. तिसऱ्या वहीत ते चित्र होतं, हुबेहूब, आणि खाली नाव रुक्मिणीबाई, दौलताबाद.

पल्लवीला बोलावलं, सगळं सांगितलं. साड्यांचं उदाहरण दिलं. "स्कूटीचा काही संबंध नाही," हेही पुन्हा सांगितलं. ती रडली, पण ते रडणं हलकं झाल्याचं होतं. मग मी कागद घेऊन घराण्याचा तक्ता काढायला बसले. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. तिच्या आईला विचारलं, "हिच्या वडिलांकडं कुणाला मूल न होण्याचा त्रास?"

"नाय. कुनालाच काई नाय."

इथं एक सांगते. तक्ता काढताना घरची माणसं चौकोन भराभर सांगतात, गोल मात्र मागून मागून काढावे लागतात. लग्न करून दिलेली बहीण तर त्यांच्या हिशेबी दुसऱ्या घराण्याच्या तक्त्यात गेलेली असते. म्हणून मी नेमानं विचारायची, तसं विचारलं, "आत्या किती?"

"एक हाय की," आई म्हणाली. "सुमनआक्का. तिला नाय पोरबाळ. देवाची मर्जी, दुसरं काय."

"कुठं दिलंय त्यांना?"

"दौलताबादला. पेरूचं दुकान हाय."

लग्नात नाव बदललेलं होतं. माहेरची सुमन, सासरची रुक्मिणी. माझ्या तोंडात उत्तर होतं, पण ते दुसऱ्या बाईचं होतं, तिच्या परवानगीशिवाय मला उच्चारता येत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "त्यांची इच्छा असेल तर त्यांना एकदा घेऊन या."

चार दिवसांनी आल्या. केस पांढरे झाले होते. मी त्यांना आधी एकट्यांना आत घेतलं, दार लावलं आणि विचारलं, "रुक्मिणीबाई, तुमच्या त्या रिपोर्टचं पल्लवीला सांगायचं का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुमीच म्हन्ल्या व्हत्या ना, दावू नका. म्या देवाच्या फोटोमागं ठिवलाय. मालकाला बी नाय दावला."

"कुणालाच नाही? भावालाही नाही?"

"तुमी म्हन्ल्या ना."

इतक्या वर्षांत मला कुणी असं फटकारलं नव्हतं, आणि या बाई तर फटकारतही नव्हत्या. भावाच्या लेकीनं तीन वेळा सुया टोचून घेतल्या, तीन वेळा स्वतःला दोष दिला, आणि तिला लागणारा कागद दौलताबादला देवाच्या फोटोमागं होता. माझ्या सांगण्यावरून होता. मला खरंच मान वर करवेना.

"पोरीला म्याच सांगते," म्हणत त्या उठल्या आणि बाहेर जाऊन बाकावर पल्लवीजवळ बसल्या. मी दारात उभी होते. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. पल्लवीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"आत्या, तुझ्याकडं कागद होता? मी इथं तीन तीन वेळा... आणि तुला माहीत होतं?"

"मला काय ठावं बाई," रुक्मिणीबाई म्हणाल्या, "त्यो तुहा बी हाय म्हनून."

आता मला गप्प राहणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, "पल्लवी, त्यांना माहीत नव्हतं. हे घराण्यात उतरतं, भावाला सांगा, हे सांगायचं काम माझं होतं. मी ते केलं नाही. उलट कुणालाच दाखवू नका म्हणाले. रागवायचं तर माझ्यावर रागव." पल्लवी उठून बाहेर गेली. तिचा नवरा मागं जायला निघाला, तर तिनं हातानंच नको म्हटलं. पंधरा मिनिटं आम्ही सगळे भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होतो. रुक्मिणीबाई मलाच म्हणाल्या, "बसा हो मॅडम, उभ्या कामून?"

पल्लवी परत आली ती थेट त्यांच्यापुढं उभी राहिली. "आत्या, तुला किती वेळा झालं?"

"चारदा."

"जवळ कोण असायचं?"

"कोन असनार? दुकान असायचं."

पल्लवी खाली बसली आणि तिनं आत्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. माझ्याशी ती त्या दिवशी बोलली नाही. ते रास्तच होतं.

पुढच्या आठवड्यात फर्दापूरहून एक जीप भरून माणसं आली. पल्लवीचे वडील, काका, चुलतभाऊ, एक नवी लग्न झालेली चुलतबहीण. आमच्या लॅबच्या बाकावर एवढी एका घरची माणसं मी कधी बघितली नव्हती. रुक्मिणीबाई सगळ्यांच्या पुढं, रक्त देऊन झालेल्याला पेरू वाटत होत्या. आठवड्यानं सगळे रिपोर्ट न्यायला आले. वडिलांच्या आणि काकांच्या रक्तात तीच अदलाबदल निघाली होती, चुलतबहिणीतही. वडील रिपोर्ट हातात घेऊन म्हणाले, "म्हंजे पोरीला ह्ये म्या दिलं?" मी म्हटलं, "तुम्ही दिलं नाही, तुमच्याकडून आलं. तुम्हालाही कुणाकडून तरी आलंय." त्यांनी रिपोर्टची घडी घातली. मग बहिणीशेजारी जाऊन बसले. "आक्का, लोक तुला बोलायचे तवा म्या बी गप बसलो."

"जाऊ दी," त्या म्हणाल्या. "पेरू खा."

यापुढचं काम माझं नव्हतं. गर्भ पाच दिवसांचा झाला की त्याच्या बाहेरच्या बाजूच्या चार पेशी काढून तपासता येतात. तुकडे बरोबर बसलेत का, ते बघून मगच आत सोडायचा. पल्लवीचे चार गर्भ झाले, त्यांतले दोनच बरोबर निघाले. पहिला सोडला, तो रुजला नाही. त्या दिवशी तिचा फोन आला. गुणसूत्रं बरोबर असली तरी गर्भ प्रत्येक वेळी रुजतोच असं नाही, हे मला ठाऊक होतं, आणि तिलाही सांगून ठेवलं होतं. तरी मी तेच पुन्हा समजावू लागले. ती मात्र म्हणाली, "मॅडम, या वेळी मी स्वतःला काही बोलले नाही. ऑफिसलाही स्कूटीवरच गेले." दुसरा सोडला आणि तो रुजला.

साडेचार महिने झाल्यावर खात्रीसाठी पोटात बाळाभोवती असलेल्या पाण्याची तपासणी करायची ठरली. ते पाणी माझ्याकडे आलं. निवृत्तीला तीन आठवडे होते. बाळाच्या पेशी वाढवल्या, थेंब सोडला. पावसाळ्याचे दिवस होते, हवा माझ्या बाजूनं होती, पंचे लावावे लागले नाहीत. मोजायला बसले. शेहेचाळीस. मुलगा की मुलगी हेही दिसलं आणि मी चेहरा मख्ख करून टाकला, खोलीत कुणी नसतानाही. मग चार नंबरकडे गेले, अकरा नंबरकडे गेले. अदलाबदल होती. पुरी, बरोबर, आईसारखीच.

हा वाईट रिपोर्ट नव्हे. आईसारखंच बाळ ठणठणीत असेल. पण मोठं झाल्यावर त्यालाही हाच प्रश्न पडणार. एवढं सोसून शेवटी तेच, असं पल्लवीला वाटलं तर? मी दोन वेळा पट्टी बदलून बघितली. जे होतं ते होतं.

रिपोर्ट घ्यायला पल्लवी, तिचा नवरा आणि रुक्मिणीबाई आले. मी तो रिपोर्ट वरपासून खालपर्यंत मराठीत वाचून दाखवला, तळाची ओळही. म्हटलं, "बाळात हीच अदलाबदल आहे. काही कमी नाही, काही जास्त नाही. घाबरायचं कारण नाही. मोठं झालं की त्याला सांगा, लपवू नका." आणि थांबले.

पल्लवीनं पोटावर हात ठेवला. नवऱ्याकडं बघितलं, मग आत्याकडं. आणि हसून म्हणाली, "म्हणजे बाळ आत्यावर गेलं."

रुक्मिणीबाईंना कळायला थोडा वेळ लागला. घरात कुणाचं बाळ आलं आणि नाक कुणाचं, कपाळ कुणाचं अशी चर्चा सुरू झाली की या उठून आत भांडी घासायला जायच्या, हे मला पल्लवीनं नंतर सांगितलं. चेहऱ्यावर त्यांच्या काही दिसेना. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "माह्यावर?"

"तुझ्यावर. बघ, लिहिलंय."

"कुठं हाय त्ये? दावा बरं मॅडम."

त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण रिपोर्टावर चित्र होतं. मी पेनानं चार नंबरची जोडी दाखवली, मग अकरा नंबरची. त्यांनी पल्लवीच्या नवऱ्याचा चष्मा मागून घेतला, नाकावर चढवला आणि कागद खिडकीच्या उजेडात धरला. त्या इवल्या काळ्या रेघांवर बोट ठेवून त्यांनी किती तरी वेळ बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"व्हय," त्या म्हणाल्या. "माह्यावरच गेलंय."